पिवळ्या बर्फाचं चित्र कोणाचं

मी, ऋषभ भाऊराव वैरागडे, वय २८, राहणार हुडको, भिलाई, जिल्हा दुर्ग, पूर्ण शुद्धीत, कोणाचाही दबाव नसताना आणि दुपारी पोटभर जेवून हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्या गळ्यातली गाठ साधी निघाली, असा रिपोर्ट मंगळवारी आला. म्हणजे लगेच मरायचा विचार नाही. तरी लिहितो, कारण रिपोर्टची वाट पाहताना भीतीच्या भरात मी एक मृत्युपत्र लिहून ठेवलं होतं. ते या कागदाने रद्द करत आहे. त्यात माझं एकमेव मोठं चित्र मित्र विष्णु निखाडे याला दिलं होतं आणि ‘बाबांनी त्याला हातही लावू नये’ असं लिहिलं होतं. ते वाक्य खास रद्द.

१. घर बाबांचं आहे, त्याबद्दल मला बोलायचं नाही. बँकेत जे असेल ते आईला, सौ. रमा हिला.

२. बहीण कीर्ती हिला माझे बर्फातले बूट. मोठे होतील, दोन मोजे घालावे. हे किरगिझस्तानात कराकोलच्या बाजारात जुने घेतले. एका हिवाळ्यात मी तिथे आपल्याकडच्या मेडिकलच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटत होतो. सकाळची कणीक झाली की चित्रांची वही घेऊन टेकडीवर जायचं, बोटं बधिर झाली की खाली यायचं. आमचे शामराव काका चारचौघांत म्हणाले, “परदेशात जाऊन पोळ्याच लाटाच्या होत्या, तं घरी लाटणं नव्हतं का रे?” काकांना ते तिथलं लाटणं देण्यात यावं.

मुद्दा राहिला. चित्राचा.

३. चित्र चार फूट बाय तीन, ऑइलमध्ये. डोंगर, गोठलेला ओढा, बर्फ आणि बर्फात उभा एक करडा घोडा. त्या वहीवरून इथे हुडकोत, कूलरसमोर बसून, उन्हाळाभर रंगवलं. बाबा स्टील प्लांटच्या मेंटेनन्समधून रिटायर झालेत. दर दिवाळीला घरातलं जे जे हलत नाही त्याला रंग देतात: गेट, कूलरचा स्टँड, तुळशीवृंदावन. गेल्या दिवाळीला दारांचं वार्निश उरलं. मी रायपूरला गेलो होतो. परत आलो तर बाबा ब्रश पुसत चित्रासमोर उभे.

“धूळ बसून राहिली होती त्याच्यावर. दोन हात मारले. कसं चमकून राहिलं पाहा!”

“बाबा, तुम्ही बर्फाले कावीळ केली,” मी म्हणालो. आणखीही बोललो, ते इथे लिहीत नाही. त्या दिवसापासून बाबांचा चहा मागच्या अंगणात, पेपरही मागच्या अंगणात.

रिपोर्टच्या आदल्या दिवशी काही सुचेना म्हणून मी चित्रासमोर नुसता बसलो होतो. तेव्हा दिसलं, घोड्याला वार्निश नाही. चार पाय, शेपटी, कान, सगळं सोडून बारीक ब्रशने कडेकडेने नेलंय. तीन महिन्यांत हे मला दिसलं नव्हतं. मागे जाऊन विचारलं, “घोडा कावून सोडला?”

बाबांनी पेपरातून मान वर केली नाही. “वार्निशनं ओला दिसला असता ना. एवढ्या थंडीत.”

म्हणून हे चित्र वडील श्री. भाऊराव यांना. वार्निश कोणीही काढू नये. रायपूरचा एकजण काढून देतो म्हणतो, त्याला नाही म्हणून सांगावं.

४. विष्णुला आता काहीच नाही. ऐकून म्हणाला, “बरं झालं यार, माझ्या खोलीत एवढी भिंत कुठे आहे!”

सही करण्याआधी वाढवलेली नोंद: शेजारच्या लतिकाताई हिवसे दुर्गच्या कोर्टात वकील आहेत. त्यांनी सांगितलं, साक्षीदार दोन लागतात. मी सगळा कागद मोठ्याने वाचून दाखवला. बाबा चष्मा लावून पुढे आले. “मले नको ते चित्र. मी साक्षीदार होतो,” म्हणत पेन उघडून नाव लिहायलाही लागले.

ताई म्हणाल्या, “काका, थांबा. ज्याला मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. दोनातलं एक काय ते ठरवा.”

बाबा पेन तसंच धरून राहिले. मग म्हणाले, “विष्णुले बोलाव.”

लिहून देणार: ऋषभ भाऊराव वैरागडे

साक्षीदार:
१. भाऊ (ही दोन अक्षरं बाबांनी स्वतः खोडली आहेत) विष्णु निखाडे
२. लतिका देवराव हिवसे

भिलाई, १७ फेब्रुवारी २०२५