खिडकीतून तळं दिसतं

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. पुढचं वाचून तू डोक्याला हात लावणार आहेस, म्हणून आधी चहा पिऊन घे.

मी आणि हे सहलीला निघालोय. हे म्हणजे तुझे भाऊजीच, दुसरे कुणी नव्हेत. लग्न झाल्यापासून मला कुठे न्यायचं म्हटलं की ह्यांच्या मशीनवर कुणाचा तरी कोट अर्धवट असायचा. आता मशीनवर कापड घालून ठेवलंय. टिल्लूसारखा लेक गेल्यापासून ह्यांचं कामात लक्ष नाही. परवा एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. तो बिचारा भला माणूस, घालून बघितला आणि काही न बोलता टांगून ठेवला.

जायचं आहे ते टिल्लू बस चालवायचा त्या वाटेनं. गुहा, तळं आणि टेकडीवरचा मनोरा. गाडी जिथे मुक्कामाला थांबेल तिथून तो संध्याकाळी फोन करायचा हे तुला माहीत आहे. मी इकडे खांद्यात फोन दाबून भांडी घासायचे आणि तिकडे सगळं फिरून यायचे. कुठला मासा खाल्ला, कुठून काय दिसलं, गुहेत पाऊल कसं टाकायचं, सगळं मला पाठ आहे. आता वर्ष होत आलं. त्याचा सदरा हातात घेतला तर सदराच हातात राहतो, तो काही येत नाही. म्हणून त्याने जे पाहिलं ते एकदा मला माझ्या डोळ्यांनी पाहायचंय. मग देवाकडे माझं दुसरं मागणं नाही.

हे म्हणतात, पोरानं मजा केली, मी जन्मभर एका जागी बसलो पण तो तरी हिंडला. एवढं बोलतात आणि परत गप्प. वर्षभरात ह्यांचं बोलणं एवढंच.

तू त्याच वाटेवर गाडी चालवलीस, भाच्याला तिथे चिकटवलंसही तूच. तेव्हा कुठे काय बघावं, कुठे काय खावं ते सविस्तर लिही. फोनवर विचारलं असतं, पण इंजिनांनी तुझे कान खाल्लेत. मागच्या वेळी मी मासा म्हटलं आणि तू मामा ऐकून विचारत बसलास की मामांना काय झालं.

वहिनीला आशीर्वाद. माया आहेच, ती पत्राच्या लांबीवरून मोजू नकोस.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. चहा पिऊन वाचलं, तरी हात डोक्याला गेलाच.

ताई, तुम्ही समुद्रावर का जात नाही? हवा चांगली, चालणं कमी, आणि हिच्या मावशीचं घर तिथे रिकामंच आहे. ह्या वाटेवर घाट आहे, तुला बस लागते. वर्षश्राद्धाच्या तोंडावर जिवाला उगाच त्रास कशाला? एवढं लिहून बघतो. तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे.

तर ऐक. गुहेपाशी गाडी मोठ्या झाडाखाली लागते, तिथे दुपारीही सावली असते. बाहेरच्या टपरीतला चहा घेऊ नका, पाणी खारट आहे. उकडलेली अंडी मात्र ताजी. आवाराच्या मागे नळ आहे, तिथलं पाणी गोड. तळ्यावर दोन हॉटेलं आहेत. वळणावरचं जुनं आणि बोटींच्या धक्क्यापाशी नवं. तुम्ही नव्यात जा. बसायला ऐसपैस, वरच्या मजल्यावरून सगळं तळं दिसतं, सूप फार चांगलं. जुन्यात जाऊ नका, तिथला मासा हल्ली शिळा असतो. मनोऱ्याच्या पायऱ्या उंच आहेत, भाऊजींच्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत. खालच्या मैदानात बाक आहेत, तिथे बसून वारा खा आणि परत या.

गाडीत उजव्या बाजूची खिडकी धरा, डावीकडे ऊन येतं. भाऊजींना सा. न. ही म्हणते, ताईंना म्हणावं आलं चघळा. पोचल्यावर दोन ओळी टाक, नाहीतर इथे माझा जीव टांगणीला.

तुझा धाकटा

२४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. आम्ही तळ्याकाठच्या लॉजवर सुखरूप आहोत. बस लागली, आलं चघळलं, तरी लागली. वहिनीला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. असला वाटाड्या कुणाला मिळू नये. बघायच्या जागा कमी आणि गाडी लावायच्या जागा जास्त. सावली कुठे, नळ कुठे, ऊन कुठल्या बाजूला. गुहेत काय आहे त्याचा अक्षरानं उल्लेख नाही. इतकी वर्षं त्या वाटेवर काढून तू काय पाहिलंस रे?

परवा गुहा झाली. टिल्लू सांगायचा, आत अशी थंडी की लोकांचे दात वाजतात, आई तू येशील तेव्हा शाल आण. म्हणून मी दोघांच्या शाली आणि ह्यांचा स्वेटर घेतला. आत गेलो तर घामाच्या धारा. तेवढं ओझं काखेत मारून हिंडले. बाहेर आलो आणि घामेजल्या अंगाला वारा लागला, तेव्हा कुठे हुडहुडी भरली. आत शिरलं की डाव्या हाताला बसलेल्या उंटासारखा खडक आहे, असंही तो म्हणायचा. मी डावीकडची भिंत चाचपत गेले. उंट उजवीकडे निघाला. मी ह्यांना म्हटलं, ह्याला डावं-उजवं कळत नव्हतं, तरी ह्याच्या हातात गाडी दिली कुणी? हे हसले. खरंच हसले. मग तोंड फिरवून उभे राहिले.

पण छान वाटलं. ह्या दगडावर त्याने हात ठेवला असेल, इथे मान वाकवली असेल, असं म्हणत मी सगळीकडे हात लावून आले. एवढ्या उंच माणसाला फारच वाकावं लागलं असेल. लहानपणी मूठभर होता म्हणून टिल्लू म्हटलं आणि पुढे दाराच्या चौकटीला डोकं लागायला लागलं तरी टिल्लूच राहिला.

उद्या जेवायला जुन्या हॉटेलात जाणार. मासा शिळा असला तरी तिथेच. तो नेहमी सांगायचा, मासा कुरकुरीत, गरम गरम ताटात येतो आणि खिडकीतून तळं दिसतं. मला त्या खिडकीशी बसायचंय.

पंधरा दिवस इथेच आहोत, पत्ता मागे लिहिलाय. काळजीत वाळू नकोस, मुळात तुझ्यात वाळायला काही नाही.

तुझी ताई

२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद.

काल त्या हॉटेलात गेलो. मी वाढप्याला म्हटलं, आम्हाला तळं दिसतं त्या खिडकीपाशी बसव. तो गोंधळला. तिथल्या सगळ्या खिडक्या रस्त्यावर उघडतात. समोर सायकलचं दुकान आणि विजेचा खांब. मला वाटलं, आपण हॉटेल चुकलो. तर तो म्हणाला, तळं दिसणारी खिडकी मागे आहे, पण ती ड्रायव्हर लोकांची खोली, तिथे गिऱ्हाइकं बसत नाहीत.

मी म्हटलं, आम्हाला तिथेच बसव.

स्वयंपाकघरातून वाट आहे. एवढीशी खोली, भिंतीला लागून बाक, खुंट्यांवर पिशव्या, कोपऱ्यात भांडी विसळायची जागा. ताटाएवढी खिडकी. समोरच्या भिंतीच्या वर बोटभर पाणी दिसतं. ते तळं. मासा खरंच कुरकुरीत होता, शिळा नव्हता.

आचाऱ्याला मी टिल्लूचं सांगितलं, असा उंच, चौकटीला डोकं लागायचं. त्याला लगेच आठवला. हात पुसत आला, हल्ली दिसत नाही म्हणाला. ह्यांनी सांगितलं. मग मी सहज विचारलं, बोटीत बसायचा का हो तो, तळ्यावर फार जीव होता त्याचा. तर म्हणाला, ड्रायव्हर कसला जातोय बोटीत, गाडी कुणावर सोडणार? सामान असतं लोकांचं. ते इथे जेवतात आणि परत गाडीशी जाऊन बसतात, सगळीकडे असंच. अगदी साधं बोलला. आपण काय बोललो हे त्याला कळलंसुद्धा नाही.

म्हणजे तो कुठेच आत गेला नव्हता. गुहेत नाही, बोटीत नाही, कुठेच नाही. मी त्या दिवशी ज्या दगडांना हात लावत हिंडले त्यांना त्याचा हात लागलेला नव्हता.

हे बाकावरून हात फिरवत राहिले आणि म्हणाले, हाही बसूनच होता की माझ्यासारखा. ताट तसंच सोडून उठले.

तुला हे माहीत होतं. म्हणून तू मला समुद्रावर धाडत होतास. आता खरं काय ते लिही. इतकी वर्षं मी फोनवर जे ऐकलं ते कुणाचं होतं?

ताई

१ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. माहीत होतं. तुला तिथे ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून नव्या हॉटेलाचं लिहिलं. त्यांचं सूप म्हणजे कोमट पाणी आहे.

ड्रायव्हर आत जात नाही, ताई. मी इतकी वर्षं गाडी चालवली, मीही गुहा पाहिलेली नाही. मला विचारलंस ना, काय पाहिलंस म्हणून? सावली कुठे पडते ते पाहिलं. गाडी लागली की आम्ही टोपी डोळ्यांवर ओढून झोपायचो, कारण पुढे घाट असतो आणि मागे पन्नास माणसांचा जीव. टिल्लूही झोपायचा. पण लोक परत यायची वेळ झाली की उठून तोंड धुऊन दारापाशी उभा राहायचा. चढणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, कसं होतं, काय पाहिलंत? दमून आलेल्या माणसाला सांगायची हौस असतेच. कुणी कुडकुडत चढायचा, तर हा विचारायचा, आत थंडी होती का? कुणी म्हणायचं, डाव्या हाताला उंट आहे. बाहेर येताना तो डावीकडेच येत असणार. तुझं पत्र वाचताना माझ्याही आत्ताच ध्यानात आलं.

मी एकदा मागे लागलो, जा, बघून ये, गाडीपाशी मी बसतो. तर म्हणाला, मामा, झोप झाली नाही तर घाटात डोळा लागेल. आणि आईला सांगण्यापुरतं मिळतंच की. मी म्हटलं, मग तिला खरं का सांगत नाहीस? त्यावर म्हणाला, मी आवारात बसून असतो हे कळलं तर ती विचारायचं बंद करेल. बाबांच्या दुकानामुळे ती कधी कुठे गेली नाही, रोज संध्याकाळी तेवढी तरी जाऊन येते.

तुला फसवायचं त्याच्या मनात नव्हतं एवढं मी छातीठोक सांगतो. कावीळ अंगावर काढली तेव्हाही तुला कळू दिलं नाही, तसलाच तो. पुढे मला लिहवत नाही. घरी या. मी घ्यायला येऊ का? रागावली असशील तर रागावूनच लिही, पण लिही.

धाकटा

७ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. दोन दिवस मी तुझ्यावर चिडले होते. मनातल्या मनात तुझ्याशी कट्टी केली, पण भांडायला तूच लागतोस, म्हणून सोडली. तू घ्यायला येऊ नकोस. तुला स्टेशनातल्या घोषणा ऐकू येत नाहीत, आम्हालाच तुला शोधायला निघावं लागेल.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि खूप रडले. मला वाटायचं, हा जग बघतोय आणि त्यातलं मला थोडं देतोय. आणि तो बंद गाडीत झोपून उठायचा आणि लोकांचं मागून आणून मला द्यायचा. मी मेली हौसेनं विचारत राहिले. अजून सांग, अजून सांग. एकदाही म्हटलं नाही की तू जेवलास का पोटभर, झोपलास का.

काल मनोऱ्याला गेलो, सहलीच्या बसने. मी ह्यांना म्हटलं, मी वर येणार नाही. त्याने जे पाहिलं ते बघायला आले होते, तर ते इथेच आहे. सगळे वर गेले आणि मी आवारात बसून राहिले. तेलाचे डाग आहेत, गळका नळ आहे, एक भिंत आहे आणि तिच्यावर थुंकू नये असं लिहिलंय. ती भिंत मी बघत बसले. त्याने किती बघितली असेल ती. हे शेजारी उभे होते. मग म्हणाले, इथलं त्याने पाहिलंय, वरचं राहिलंय. आणि ते गुडघे घेऊन चढायला लागले. मग मलाही उठावं लागलं.

दर थोड्या पायऱ्यांनी बसत बसत गेलो. वरून सगळं दिसतं रे. तळं अख्खं दिसतं, त्याने बोटभर पाहिलेलं. गुहेचा डोंगर दिसतो, घाटाची वाट दिसते, तिच्यावरून बस येत होती ती काडेपेटीएवढी दिसते. ह्यांनी एका हाताने कठडा धरला आणि दुसऱ्याने माझा दंड. मला ते बघवत नव्हतं आणि तिथून निघवतही नव्हतं.

खाली आलो तर ड्रायव्हर आपल्या जागेवर बसलेला, टोपी मांडीवर, डोळे झोपेने सुजलेले. टिल्लूच्या वयाचा असेल. त्याने काही विचारलं नाही. मीच त्याच्यापाशी थांबले आणि म्हटलं, वरून काय दिसतं सांगू का? तो जरा चमकला, पण सांगा म्हणाला. मी तळ्याचं सांगितलं आणि पुढचं सांगायला ह्यांच्याकडे पाहिलं. मग हे बोलायला लागले. डोंगर कसा, वाट कुठून वळते, कठडा किती उंच, वारा कुठल्या बाजूचा, सगळं बारकाईनं, कापड बेतल्यासारखं. वर्षभरात ह्यांच्या तोंडून एवढे शब्द मी ऐकले नव्हते. मागून कुणीतरी म्हणालं, निघायचं का? ड्रायव्हरने किल्ली फिरवली नाही. तो पूर्ण वळून ऐकत होता.

संपल्यावर ह्यांनी त्याला विचारलं, घरी कोण आहे? आई आहे म्हणाला. तर हे म्हणाले, मग तिला सांग, मी वर जाऊन आलो म्हणून.

परवा परत येतोय. वहिनीला आशीर्वाद. तुझ्यावरचा राग गेला, जीव आहे तसाच आहे.

तुझी ताई