‘ठीक’ कोणत्या डब्यात?

प्रिय हुल्डाताई,

ऑरव्हिलचा नमस्कार. तुझे गुडघे आणि भावजींचा ट्रॅक्टर, दोन्ही फार कुरकुर न करता चालत असतील अशी आशा आहे. इकडे इलिनॉयमध्ये मका काढून झाला, गारठा पडला.

मी सध्या विद्यापीठात जातो. (हसू नकोस. तिथल्या प्राध्यापकांची डोकी मी जन्मभर भादरली, आता ते माझं वापरताहेत.) न्यूयॉर्कहून आलेल्या डॉक्टर मिरियम, इंग्रजीतले कोणते शब्द खरोखर भावनांचे, हे ठरवताहेत आणि त्यासाठी आम्हां गावच्या म्हाताऱ्यांना पंच नेमलंय. एकेक शब्दाची चिठ्ठी उचलायची आणि ‘भावना’ किंवा ‘भावना नव्हे’ अशा डब्यात टाकायची. कॉफी फुकट असते, म्हणून तिला नावं ठेवत नाही.

पण बाईंनी पंच भलतेच निवडले. चर्चमधल्या मार्लिसने ‘राग’ सरळ दुसऱ्या डब्यात टाकला. म्हणाली, “राग कसली भावना? वाईट सवय आहे ती.” ‘आनंद’ आल्यावर क्लॅरेन्स (तोच, धान्याच्या कोठारावरचा) म्हणाला, “नाताळापुरता चालेल हो, पण रोज कोण करत बसतं?” ‘भूक’ मात्र मी भावनांत टाकली. बाई म्हणाल्या, “अहो, ती पोटाची असते.” मी म्हटलं, “माझी बायको आयलीन गेल्यापासून संध्याकाळी सहाला एकट्याचं ताट घेऊन बसतो मी. पोटाचं काही म्हणणं नसतं तेव्हा.” त्यांनी ती चिठ्ठी काही बाहेर काढली नाही. दिवसअखेर भावनांच्या डब्यात तेवढी एकच होती.

सगळ्यात शेवटी ‘ठीक’ निघाला. हा आमचा घरचाच शब्द, म्हणून मी बिनधास्त भावनांत टाकायला निघालो. बाईंनी विचारलं, “माणूस ‘ठीक’ कधी म्हणतो?” मार्लिस म्हणाली, “समोरच्याने पुढे काही विचारू नये असं वाटतं तेव्हा.” यावर पंचांचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि ‘ठीक’ बाहेर गेला. मला ते जरा लागलंच.

भावजींना नमस्कार, नातवंडांचे कान माझ्या वतीने ओढ.

तुझा भाऊ,
ऑरव्हिल

ता. क. दर रविवारी तू फोनवर “कसा आहेस?” म्हणतेस आणि मी “ठीक” म्हणतो. पंचांच्या निर्णयानुसार मी तुला वर्षभरात एकदाही उत्तर दिलेलं नाही.

आणखी ता. क. थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला बोलावलंस, तेव्हाही ‘इथेच ठीक आहे’ असं कळवलं होतं. ते रद्द समज. बुधवारच्या बसने येतोय. पानं सहाला वाढ. मला फार भूक लागली आहे.