काचेची खिडकी आणि पाव किलो लवंग

लालबाग,
शुक्रवार

प्रिय नील,

आजीचा आशीर्वाद. तब्येत कशी आहे ते विचारत नाही. तू 'बरी आहे' म्हणणार, तेवढं मी फोनवर रोज ऐकते. कागद जास्त लागलेत, कारण अक्षर मोठं काढलंय. एका ओळीवर दुसरी चढली असेल तिथे सांभाळून घे, तिसरीत शाळा सुटलेल्या बाईचं पत्र आहे. फोन करता आला असता, पण आपल्या दुकानातला फोन म्हणजे काय ते तुला ठाऊक. मिरची-मसाला कुटणाऱ्या डंखांच्या दणदणाटात ऐकू येत नाही म्हणून स्पीकर लावायचा, आणि स्पीकर लावला की मिरच्या भाजणाऱ्या बायकांपासून रांगेतल्या शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत सगळे कान टवकारून उभे. गेल्या महिन्यात तुला जे बोलले ते असंच सगळ्यांच्या देखत. हे मात्र तुला एकट्याला सांगायचंय. कुरियरवाल्याला बजावलंय, उद्या पुण्यात पोचलंच पाहिजे.

इथे हंगाम भरात आहे. सकाळी सातला डंख सुरू होतात ते संध्याकाळी थांबतात, आणि थांबले तरी माझ्या कानात ते पडतच असतात. मिरचीचा उग्र खाट आता डोक्यात बसलाय, अंघोळ करूनही जात नाही. गुडघे तर कधीच गेलेत, त्यांचं काय सांगायचं. गिऱ्हाइकं येतात, पिशव्या आपटतात, आमची मिरची त्यांच्या मिरचीत मिसळू नका म्हणून सतरा वेळा सांगतात, डंखाजवळ स्टूल टाकून पहारा देतात. चाळीस वर्षं तेच बघतेय. आधी हसू यायचं, मग राग यायचा, आता काहीच येत नाही. दमले बघ.

तुझ्या बापानं काल जेवताना सांगितलं की सोमवारपासून तू त्याच्या मित्राच्या दादरच्या ऑफिसात बसणार. ट्रकच्या मालाच्या पावत्या करायच्या, दहा ते सात. तू 'बरं' म्हणालास म्हणे. अजित खूश होता, दोनदा कढी मागून घेतली. मी ताट सारून उठले. नोकरी सोडून तू हे काचेचं काम करतो म्हणालास तेव्हा त्यानंच तुला येत्या दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. जमलं तर जमलं, नाही तर ये घरी. आता मे चाललाय. मुदत अर्ध्यात मोडली, आणि ती कुणाच्या तोंडामुळे मोडली ते तुलाही माहीत आहे आणि मलाही.

तुझं ते काम मला आधी खूळच वाटलं होतं. गेल्या दिवाळीत तू माझ्या शेजारी बसून दाखवलंस. कंप्युटरवर जे जे उघडतं त्याला तुम्ही खिडकी म्हणता, आणि तुला त्या खिडकीची काच करायची होती. मी म्हटलं, खिडकीला काच असतेच की मेल्या, त्यात तू काय नवीन केलंस? तू म्हणालास, आजी, यांच्या खिडक्या म्हणजे फळकुटं, मागचं काही दिसत नाही. मग तू काहीतरी दाबलंस आणि तो पांढरा चौकोन विरघळल्यासारखा झाला. मागे तुझ्या आजोबांचा शिवाजी पार्कातला फोटो होता, त्यातलं हिरवं मैदान पुढे झिरपलं. कडेला बारीक चकाकी, खऱ्या काचेला असते तशी. मी तोंडानं बोलले नाही, पण छान दिसलं होतं ते.

आठवडाभर तू तेच करत होतास. मागचं जास्त दिसलं तर पुढची अक्षरं वाचता येत नाहीत, मागचं पुसलं तर काच काच वाटत नाही, चुना फासल्यासारखी होते. ती मधली जागा शोधायला तू जेवायचा थांबायचास. मागे माणूस आहे हे कळलं पाहिजे, पण कोण आहे ते कळता कामा नये, असं म्हणाला होतास. त्यावर मी तुला आमच्या पडद्याची गोष्ट सांगितली. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ जण, आणि मध्ये माझ्या जुन्या पातळाचा पडदा. नवं लग्न झालेलं जोडपं त्याच्या पलीकडे. मागे दिवा असला की सावल्या दिसायच्या. दिसायचं सगळं, पण कुणी बघायचं नाही. सासूबाई भिंतीकडे तोंड करून मुद्दाम घोरायच्या. तू मांडीवर थाप मारलीस आणि म्हणालास, आजी, हेच! मला हेच करायचंय. मला वाटलं पोरगं चेष्टा करतंय. मग कुठल्या तरी परदेशातल्या बाईनं तुला लिहिलं, तुझी काच लावल्यापासून कंप्युटरसमोर बसावंसं वाटतं म्हणून. ते तू मला मराठीत करून वाचून दाखवलंस, बापाला नाही दाखवलंस. तेव्हा कळलं की चेष्टा नाही.

त्याच दिवाळीत तू दुकानाच्या वह्या कंप्युटरात घातल्यास. कुणाच्या घरचं काय प्रमाण, किती मिरचीला किती धणे, कुणाला दगडफूल चालत नाही, कुणाला हळकुंड घरचंच लागतं, सगळं मराठी आकड्यांत. नाव दाबलं की त्या घराची खिडकी उघडणार. आणि हौसेनं तिलाही काच लावलीस. मला विचारलंस, आजी, वाचायला त्रास नाही ना होत? मी म्हटलं, मला शिकवतोस? या आकड्यांवर तुझ्या बापाला वाढवलाय मी.

आता सुंदराबाईचं. तुला घाईघाईत अर्धंच कळलंय. सुंदराबाई म्हणजे अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समधली, साताऱ्याकडची, माझ्याइतकीच तोंडाळ. माझी गिऱ्हाईक नाही ती, माझी खोड आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाच किलो मिरची घेऊन आली. मी खुर्चीवर बसून तिची खिडकी उघडली, वाचून सांगत गेले आणि वसंत तोलत गेला. वसंत एकदा थबकला. म्हणाला, काकी, लवंग पाव किलो? मी म्हटलं, तू डंख सांभाळ, वाचायला मी आहे. वीस वर्षं तो माणूस माझ्याकडे आहे. त्याला थांबावंसं वाटलं होतं आणि मी त्याला गप्प केलं, हे लक्षात ठेव.

चार दिवसांनी सुंदराबाई डबा घेऊन आली. रांग मोडून थेट माझ्यासमोर. डबा आपटला आणि म्हणाली, चाख. मी चाखला. जिभेचं टोक बधिर. ती म्हणाली, मसाला म्हणून दिलास का दातदुखीचं औषध म्हणून? तिच्या नातीला बघायला पाहुणे आलेले, हिनं मोठ्या मानानं नवीन मसाल्याचा रस्सा केला. बोलणी करायला आलेली माणसं, कुणाला बोलताच येईना! एकानं जीभ बाहेर काढून वारा घातला. रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या. सुंदराबाई हसली नाही. वर्षाची बेगमी गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे माझ्यावरचा तिचा भरवसा. मी खिडकी परत उघडली, डोळे बारीक केले. लवंग पन्नास ग्रॅम. खालच्या ओळीत बडीशेप पाव किलो. मी दोन्ही पाव किलो वाचलं होतं.

तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. समोर सगळं धुरकट दिसत होतं, आकड्याच्या आत आकडा. मी म्हटलं, ही त्या पोराची काच! मागचं पुढे दाखवते! आणि लावला तुला फोन, स्पीकरवर. काय काय बोलले ते तू ऐकलंस. सुंदराबाईनं ऐकलं, वसंतनं ऐकलं, गल्ल्यावरून तुझ्या बापानं ऐकलं. दिखाऊ काम करतोस म्हणाले. रंगरंगोटीपायी लोकांच्या पोटात विष घालशील म्हणाले. तू दोनदा 'आजी, ऐक ना' म्हणालास. मग म्हणालास, हो आजी, चुकलं माझं. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. सुंदराबाईला नवी पाच किलो मिरची कुटून दिली, आणि त्याच संध्याकाळी तुझा बाप म्हणाला, बघितलंस आई, असल्या धंद्याला मी मुदत देऊन बसलोय.

त्यानंतर तुझा फोन यायचा तो 'हो' आणि 'नाही' वर. मी म्हटलं, फुगलाय, उतरेल. हंगामात कुणाची मर्जी सांभाळायला वेळ नसतो.

गेल्या आठवड्यात बुधवारी दादरहून अभयला बोलावला, आपला कंप्युटर दुरुस्त करतो तो. म्हटलं, ही काच काढ बाबा आधी, मला काही दिसत नाही. तो बसला, इकडे तिकडे दाबलं आणि म्हणाला, आजी, कुठली काच? मी म्हटलं, ही काय समोर, आंधळा आहेस का? त्यानं खुर्ची वळवली. दुकानात दुपारची सामसूम होती म्हणून बरं. तो म्हणाला, आजी, इथे काच नाहीये. जानेवारीतच काढून टाकलीय. नीलनं आत टिपण लिहून ठेवलंय, वाचू का? आणि त्यानं हळू आवाजात वाचलं: 'आजीला वाचायला त्रास होतो. काच बंद. अक्षर मोठं. तिला सांगू नये.' खाली तारीख, तू पुण्याला गेलास त्याच्या आदल्या दिवसाची. अक्षरं मोठी झाल्यासारखी मला वाटली होती. मी समजले, नव्या चष्म्याचा गुण.

म्हणजे फोनवर तुला सगळं माहीत होतं. काच नाही, आजीचे डोळे, एवढं बोलला असतास तर तू सुटला असतास. पण दुकानभर माणसं उभी होती आणि मला त्या खुर्चीवरून त्याच क्षणी उठावं लागलं असतं. म्हणून गप्प बसलास आणि स्वतःचं काम माझ्या पायाखाली घातलंस. हे कळूनही मी नऊ दिवस तोंड उघडलं नाही. खुर्ची सोडवत नव्हती. काल जेवताना तुझा बाप कढी मागत होता तेव्हाही गप्प. आज सकाळी अकराला, रांग दाराबाहेर गेलेली असताना, तुला झापलं त्याच आवाजात मी तुझ्या बापाला सांगितलं. अजित, पोराची काच जानेवारीपासून बंद आहे, लवंग मी चुकले, माझे डोळे गेलेत. डंख चालू होते तरी सगळ्यांना ऐकू गेलं. तुझा बाप बराच वेळ वजनकाटा पुसत राहिला. मग म्हणाला, मग त्या गाढवानं सांगितलं का नाही? मी म्हटलं, तुझ्यावर गेलेला नाही म्हणून. त्यानं माझ्यासमोर दादरला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तुला तो कळवणार होता, मी म्हटलं थांब, ते मला कळवायचंय. प्रमाण आता वसंत वाचतो, मी त्याच्यामागे स्टुलावर बसून शिव्या देते. दुपारी परळला डॉक्टरला दाखवलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पहिला गुरुवारी काढणार. त्यासाठी येऊ नकोस, अजित आहे. तू सोमवारी त्या ऑफिसात जायचं नाहीस, आपल्या कामावर बसायचंस. आणि पुन्हा कुणासाठी असं गप्प बसलास तर याद राख, माझ्यासाठीसुद्धा नाही.

तुझीच, चुकलेली पण अजून खमकी,
आजी