छोट्याचं पोटाचं ऑपरेशन

अण्णा, हौदात पाणी भरून झालं होतं. तुम्ही लीद पाटीत गोळा करत होता आणि मी तोबऱ्यात चंदी ओतता ओतता त्यातले भिजलेले हरभरे तोंडात टाकत होते. भिंतीपलीकडे आई भाकऱ्या थापत होती. कल्याणच्या आपल्या तबेल्यातली रोजचीच सकाळ. फक्त तांबडा घोडा रोजच्यासारखा नव्हता. त्याला तुम्ही आदल्या दिवशी कुठेतरी नेऊन आणलं होतं, आणि आता तो मागचे पाय फाकवून, मान खाली घालून कोपऱ्यात उभा होता. मी विचारलं, ह्याला काय झालं. तुम्ही पाटी उचलत म्हणालात, "काही नाही. शहाणा केला त्याला." मग तुम्ही त्याला बाहेर काढलं आणि तळ्याच्या कडेने चालवत राहिलात. तो थांबायला बघायचा, तुम्ही त्याच्या मानेवर हात ठेवून हळूच पुढे घ्यायचात. मी मागून चालत होते. मला वाटलं, शहाणं करायची हीच रीत असणार.

माझ्या डोक्यात तेव्हा शाळेतलं काही शिरत नव्हतं, बाई रोज ओरडायच्या. म्हणून दुपारी तुमची भाकरी घेऊन टांगा स्टँडवर आले तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, मला पण नेऊन शहाणी करून आणा." सगळे टांगेवाले असे हसले की एकाला चाकाला धरून उभं राहावं लागलं. तुम्ही हसला नाहीत. भाकरीचं फडकं माझ्या हातातून घेतलंत आणि खालच्या आवाजात म्हणालात, "घरी जा. चूळ भर." मी हौदावर जाऊन चूळ भरली. आपण कोणता घाण शब्द बोललो ते काही मला कळलं नाही. शब्द तर तुमचाच होता. नक्की कोणता ते माहीत नसल्यामुळे मी त्या दिवसापासून सगळ्याच शब्दांना जपून राहिले.

पुढे माझी शाळा सुटली, वाचन मात्र सुटलं नाही. आधी वाण्याच्या पुड्यांचे कागद, मग मुलीची पुस्तकं, मग डोंबिवलीची लायब्ररी. आता मी काहीही वाचते. डोळ्यांना कुठलाच शब्द वर्ज्य नाही, तोंडाला मात्र पुष्कळ आहेत.

आमचा छोटा तुम्ही पाहिला असतात तर हसला असतात. घोडाच आहे, पण माझ्या कमरेएवढा. त्याची जातच तशी, जन्मभर एवढाच राहणार. तुमचे जावई कंपनीतून निवृत्त झाल्यावर टिटवाळ्याकडच्या एका फार्महाउसवर राखणीला जायचे. तिथल्या मालकांनी हौसेने आणलेला हा घोडा त्यांना नकोसा झाला, आणि एक दिवस हे टेंपोतून त्याला घेऊन कोपरला आमच्या दारात उतरले. मी रागावले तर म्हणाले, "टांगेवाल्याची मुलगी ना तू? मग?" आता हे नाहीत, छोटा आहे. सकाळी उठून मी त्याची लीद काढते, खरारा करते आणि त्या वेळात त्याच्याशी बोलून घेते. दिवसभरातलं माझं बरंचसं बोलणं तेवढंच.

तापट तो होताच, पण गेल्या लग्नसराईत त्याने कहर केला. गल्लीतून वरात चालली होती. नवरदेवाच्या घोडीचा वास लागला तसा हा दोर तोडून बँडवाल्यांच्या मधून धावला आणि पुढचे पाय उचलून तिच्या अंगावर गेला. तिच्या गुडघ्याच्या वर त्याची काही मजल जाईना, पण आव असा की बस. नवरदेव आयाळ धरून लोंबकळला. गल्ली पोट धरून हसत होती. कोणीतरी ओरडलं, "काकू, तुमच्या नवरदेवाला आवरा." मी दाराआड झाले. पुढच्या आठवड्यात तो शेजारच्या मुलीच्या दंडाला चावला, मग मात्र कोणी हसलं नाही. एक तर विकून टाका, नाहीतर त्याचा बंदोबस्त करा, असं सगळे म्हणू लागले. काय बंदोबस्त ते ज्यांना माहीत होतं तेही उच्चारत नव्हते.

कल्याणहून डॉक्टरबाई आल्या, माझ्या मुलीपेक्षाही लहान. त्यांनी इंजेक्शन देऊन त्याला मागच्या मोकळ्या जागेत आडवा केला आणि आमचा स्वयंपाक व्हायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात काम उरकलं. जाताना त्यांनी नीट समजावलं. "टाके घातलेले नाहीत काकू, जखम मुद्दाम उघडी ठेवलीय. आतलं पाणी वाहून गेलं पाहिजे. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ चालवायचं, थोडं पळवायचं. नुसता उभा राहिला तर सूज येणार. आणि खाली काहीही लोंबताना दिसलं तर लगेच फोन." मी मान हलवत होते. माझ्या डोळ्यांपुढे तळ्याच्या कडेने चालणारा तांबडा घोडा होता. मला कोणी सांगायचीही गरज नव्हती, अण्णा.

दुसऱ्या दिवशी गल्ली जागी व्हायच्या आत मी त्याला फिरवून आणलं. तरी दूधवाल्याने पाहिलंच. मागच्या पायांवर रक्ताचे ओघळ दिसत होते. त्याने विचारलं, काय झालं याला. मी म्हणाले, "पोटाचं ऑपरेशन झालंय." सहज तोंडातून गेलं. आपल्यात बेंबीपासून गुडघ्यापर्यंत जे काही असतं त्याला पोटच म्हणतात. माझी पिशवी काढली तेव्हा ते पोटाचं ऑपरेशन होतं. माझ्या मोठ्या जाऊबाईंचंही पोटाचंच. तुमच्या जावयांना लघवीला त्रास होत होता, तोही ते मला आणि मुलीला 'पोटात दुखतंय' म्हणूनच सांगत राहिले, आणि मीही ओवा देत राहिले. डॉक्टरांपुढे खरा शब्द निघाला तेव्हा फार उशीर झाला होता. त्यानंतर तरी मी शिकायला हवं होतं.

त्याच दिवशी बाळकुमहून मुलीचा फोन आला. नातीला ताप, माझ्या जावयांना रजा नाही. दोन दिवस जाणं भाग होतं. शेजारच्या घरात राहणाऱ्या जाऊबाईंकडे मी छोट्याला सोपवलं. दूधवाल्याला म्हणाले तेच, पोटाचं ऑपरेशन, त्यांनाही म्हणाले. पाणी, गवत, माश्या बसू द्यायच्या नाहीत, सगळं सांगितलं. मग म्हणाले, "आणि वहिनी, जरा फिरवलंत तर बरं."

"अगं, पोट फाडलंय त्याचं आणि फिरवायचं काय? माझ्या वेळी मला जिना चढू दिला नव्हता कोणी."

समोर त्यांचे यजमान, भाऊजी, पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही, पण त्यांचं लक्ष आहे हे मला कळत होतं. तेवढा एकच शब्द बोलायचा होता. त्या शब्दाने सगळं सरळ झालं असतं. लायब्ररीतल्या पशुपालनाच्या पुस्तकात मी तो पानभर वाचला होता. मी म्हणाले, "बरं, जमेल तसं बघा," आणि पिशवी उचलून रिक्षात बसले.

परत आले तेव्हा छोटा आखूड दोराने बांधलेला होता. खाली मऊ पेंढा, पोटाला जाऊबाईंचं जुनं सुती लुगडं गच्च गुंडाळलेलं, पुढ्यात तांदळाची पेज. आपल्या आजारपणात स्वतःला जे मिळावंसं वाटलं होतं ते सगळं त्यांनी त्याला दिलं होतं. त्याने पेजेला तोंड लावलं नव्हतं. कान गरम लागत होते. लुगडं सोडलं तर मागच्या पायांमध्ये नारळाएवढी सूज, आणि जखमेच्या कडा वरून मिटून गेलेल्या. मी हाक मारली तर त्याने कान हलवला, मान उचलली नाही. तुमचे जावई शेवटी असेच हाकेला नुसती बोटं हलवायचे.

डॉक्टरबाई दुपारी आल्या. हातमोजे घालून त्यांनी मिटलेली जखम बोटाने उघडली, तसं आतून रक्त आणि पू भळकन बाहेर आला. छोटा थरथरला, पण लाथ मारण्याइतकी ताकद त्याच्यात नव्हती. जखम धुता धुता त्यांनी विचारलं, "चालवलं नाही का याला?"

जाऊबाई पुढे झाल्या. "नाही हो, जागचा हलू दिला नाही. पोटाचं ऑपरेशन ना?"

डॉक्टरबाई थांबल्या. "पोटाचं? खच्ची केलाय त्याला. पोटाला हातही लावलेला नाही मी. पोटाचं कोणी सांगितलं तुम्हाला?"

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "माझंच चुकलं, मला जनावरांचं कळत नाही." अण्णा, त्यांनी मला सांभाळून घेतलं. मी ते घेऊ दिलं. तोंड उघडून 'मी सांगितलं' एवढंही मला म्हणता आलं नाही. डॉक्टरबाई जाताना म्हणाल्या, ताप उतरला तर वाचेल, विष अंगात पसरलं तर सांगता येत नाही. आता चालवणं हेच औषध.

आता हे लिहितेय तेव्हा छोटा दारात उभा राहून माझा पदर ओढतोय. जखम आतून भरत भरत बाहेर आली, सूज उतरली, नुसती एक बारीक सुरकुती राहिलीय. इंजेक्शनं झाली, रोज पाइपाने गार पाण्याची धार झाली, आणि चालणं तर इतकं झालं की माझेच गुडघे बोलू लागले. परवा पुन्हा एक वरात गेली तर त्याने घोडीकडे पाहिलं आणि गवत खात राहिला. तुमच्या शब्दात सांगायचं तर शहाणा झाला.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. तुम्ही असता तरी तुम्हाला वाचता येत नव्हतं, कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावं लागलं असतं. तो शब्द आला की वाचणारा अडखळला असता, तुम्ही दुसरीकडे बघितलं असतं, आणि मी तिसरीकडे. एवढ्याचसाठी मी ते पाठवलं नसतं. रागाने नाही लिहीत, अण्णा. त्या दिवशी स्टँडवर तुम्हालाही लाज वाटली होती, हे मला आता कळतं. तीच लाज मी नीट घडी घालून जपून ठेवली, आणि त्याची किंमत त्या मुक्या जनावराने दिली.

डॉक्टरबाई येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, चांगलं ऊन वर आल्यावर, मी छोट्याला गल्लीतून चालवत नेलं. दूधवाल्याने विचारलं, पोट कसं आहे त्याचं. जाऊबाई आणि भाऊजी दारातच होते. मी थांबले आणि म्हणाले, "पोटाचं नव्हतंच काही. खच्ची केलाय त्याला. वहिनींना मी खोटं सांगितलं होतं." भाऊजी आत गेले. जाऊबाईंनी चप्पल घातली आणि छोट्याच्या दुसऱ्या बाजूने चालू लागल्या. खाडीपर्यंत जाऊन आम्ही परत आलो. मग मी त्याला बांधलं, आत गेले आणि चूळ भरली.