दुपारी निर्दोष असलेली गाडी

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली की तुमच्याविषयी वाईट बोलले तरी आता कोणाला फारसे लागणार नाही. चांगले बोलणारे मात्र अजून आहेत. परवा एका समारंभात तुमच्या एका जुन्या ज्युनिअरने तुमच्या उलटतपासणीचे गोडवे गायले. 'तीन प्रश्नांत साक्षीदार संपायचा,' असे तो म्हणाला आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. तुमच्या तीन प्रश्नांत संपलेल्या साक्षीदारांपैकी मी, तुमची मुलगी, एक आहे, आणि त्या दिवशी मी खरे बोलत होते. तर्कशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले. त्या विषयाची गोडी मला तुमच्यामुळे लागली असे लोक समजतात. लागली ती तुमच्याविषयीच्या तिरस्कारातून, एवढी दुरुस्ती मला करायची आहे.

आपली ती जुनी विलायती गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी होती. अहमदनगरात तिच्यासारखी दुसरी नव्हती आणि त्यामुळे आपल्यासारखा दुसरा वकील नाही, असा तुमचा समज होता. तिला तेल देण्याचे काम तुम्ही कोणाकडे सोपवत नसा. दर रविवारी बनियनवर, धोतराचा सोगा खोचून तुम्ही बॉनेट उघडत असा. बाजारातले तेल भेसळीचे, म्हणून घरातले शुद्ध तेल सांध्यासांध्यांत आणि ॲक्सिलरेटरच्या वायरीच्या नळीत सोडायचे, हा तुमचा शोध. गाडी चालवायला भिंगारचे चाचा होते, लष्करात ट्रक चालवून निवृत्त झालेले. ते वयाने तुमच्याहून मोठे, पण तुमच्यासमोर कधी बसले नाहीत.

ज्या साली रस्तोरस्ती खडीचे ढीग पडले होते आणि बायका डोक्याला फडके गुंडाळून खडी फोडत होत्या, त्या दुष्काळी सालचा हिवाळा. माझे कॉलेज सकाळी सातचे. चाचा मला पोहोचवून परत येत आणि मग दुपारी तुम्हाला कोर्टातून आणत. डिसेंबरात ते एकदोनदा म्हणाले, "ताई, एक्सिलेटर सकाळी दाबला का खालीच ऱ्हातो. पायानं उचलायला लागतोय." तुमच्या कानावर घातले, तेव्हा तुम्ही गाडी मिस्त्रीकडे पाठवलीत, दुपारी. पेडल झक्कास वर येत होते. दुसऱ्यांदा पाठवलीत, पुन्हा दुपारी. त्या खेपेस मीही गाडीत होते. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "चाचा, हे पोरगं शाळेच्या टायमाला पोट धरतंय आन् दुपारी हुंदडतंय. सकाळच्या पारी आना की."

"सकाळी तुमी उठता व्हय?"

"दहाला उठतो. म्हून तर तब्येत हाय!"

दोघे मनापासून हसले. पण त्या थट्टेत तपासाची जी दिशा होती, ती तुमच्या सगळ्या कायद्याच्या पुस्तकांत नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यात, कडाक्याच्या थंडीत, घरापासून जेमतेम अर्ध्या मैलावर गाडी अचानक धावत सुटली. समोरून दुधाच्या किटल्या लावलेला सायकलवाला येत होता. चाचांनी क्लच दाबला, तेव्हा इंजिन किंचाळू लागले, त्यांनी चावी फिरवून ते बंद केले आणि "ताई, घट धरा!" असे ओरडून गाडी खडीच्या ढिगात घातली. मडगार्ड चेमटले. माणूस वाचला. तो दूधवाला उतरून चाचांच्या पाया पडला, हे मी घरी आल्याबरोबर तुम्हाला सांगितले होते. तुम्ही मडगार्डवरून हात फिरवत होतात.

संध्याकाळी ऑफिसात तुम्ही चौकशी भरवलीत. तुम्ही खुर्चीत, चाचा उभे, बाजूला कारकून, दारात मी.

"पेडल वर येत नाही म्हणता. कधी?"

"सकाळी, साहेब. लई थंडी असली का."

"थंडी पेडलला वाजते का?"

कारकून हसला. मग मी मध्ये बोलले, की मी गाडीत होते. तुम्ही माझ्याकडे वळलात. पुढे बसली होतीस की मागे? मागे. त्याचा पाय तुला दिसत होता? नाही. मग तू पाहिलंस काय? मी म्हणाले, "खडीचा ढीग." कारकून पुन्हा हसला आणि माझी साक्ष संपली. यंत्र दोनदा तपासले, ते निर्दोष आहे. अपघात तर झाला. तेव्हा दोष पायाचा, असा तुमचा निष्कर्ष. तपासली ती दुपारची गाडी आणि अपघात झाला तो सकाळच्या गाडीला, हा फरक वीस वर्षांच्या मुलीला मांडता आला नाही. तुम्हाला तो सुचायला हवा होता. शिवाय खरे कारण तुमच्या समोरच्या माणसाने नुकतेच शब्दाने सांगितले होते, आणि तुम्ही त्यावर विनोद केला होता.

चाचांना तुम्ही काढलेत. भिंगारमध्ये एका कंत्राटदाराच्या ट्रकवर त्यांना काम मिळणार होते, त्यासाठी दाखला हवा होता. तो तुम्ही दिलात, इंग्रजीत. प्रामाणिक, निर्व्यसनी, परंतु पायावर ताबा उरलेला नाही. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते. त्यांनी कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली आणि तुम्हाला सलाम केला.

चार दिवसांनी मी न्हायला बसले असताना आई बाहेरून म्हणाली, "तेलाची बाटली उन्हात ठेवलीय गं, पार दगड झालाय." मी तशीच ओल्या केसांनी शेडमध्ये गेले. बॉनेट उघडून ॲक्सिलरेटरची वायर नळीतून ओढली. ती अडखळत बाहेर आली आणि तिच्यावर पांढरे, मेणासारखे कीट बसलेले होते. वास घ्यायचीही गरज नव्हती, तरी घेतला. तुमचे शुद्ध खोबरेल. थंडीत ते थिजे, वायर नळीत धरून ठेवी आणि ती जुनी स्प्रिंग तिला मागे खेचू शकत नसे. इंजिन तापले, ऊन चढले की ते वितळे, आणि गाडी मिस्त्रीच्या दारात निष्पाप होऊन उभी राही.

मी तुम्हाला बोलावले. तुम्ही ते कीट बोटावर घेतलेत, चोळलेत, बोट रुमालाला पुसलेत. तुम्हाला कळले. तुमचा चेहरा मला वाचता येत होता. "निकाल लागून गेलाय," असे म्हणून तुम्ही आत गेलात. त्या रविवारी तुम्ही वायर रॉकेलने धुतलीत आणि तिला मशीनचे तेल दिलेत. नवा ड्रायव्हर आला. पेडल पुन्हा कधी अडकले नाही. मग जेवायला आलेल्या न्यायाधीशांना, मी वाढत असताना, माझ्या देखत तुम्ही सांगितलेत, "माणूस बदलला आणि दोष गेला. याहून मोठा पुरावा कोणता?" चूक करणाऱ्या माणसाचा मला राग येतो, पण स्वतःची चूक गुपचूप दुरुस्त करून त्या दुरुस्तीलाच दुसऱ्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरणाऱ्या माणसाविषयी राग हा फार उदार शब्द आहे. पुढे कितीतरी वर्षे मी वर्गात हे उदाहरण देत आले, अर्थात तुमचा उल्लेख न करता. मुले हसत. मला ते हसणे आवडे.

हे पत्र मी कोठे पाठवणार नाही हे उघड आहे. पण एक गोष्ट लिहिल्यावाचून ते पुरेही होत नाही. दुसऱ्या वर्षी मैत्रिणीबरोबर मी भिंगारला सिनेमाला गेले होते. सायकल स्टँडवर बिल्ले देत चाचा बसले होते. त्यांनी मला ओळखले, आईची चौकशी केली, तुमचीही. ट्रकचे काय झाले, असे मी विचारले.

"दाखला बघून नको म्हन्ले," ते म्हणाले. "पाय दाखवला मी डाक्टरला. म्हन्ला, काय न्हाई. पर साहेब खोटं कशाला लिवतील? असंल कायतरी, आपल्याला कळत न्हाई. आता सायकल बी सोडली. उगी कुनाच्या अंगावर जायची."

मला कारण माहीत होते. दोन वाक्यांत सांगता आले असते. आत सिनेमाची घंटा होत होती, मैत्रीण हात धरून ओढत होती, आणि तुमचे नाव भिंगारच्या बाजारात खाली पडेल हा विचार माझ्या मनात आला, हे मी नाकारत नाही. मी त्यांच्या हातून बिल्ला घेतला आणि म्हणाले, "पायाला जपा, चाचा."