बिनविरोध

बाबा, काल सोसायटीच्या बोर्डावर पुन्हा तीच नोटीस लागली. कमिटीची निवड बिनविरोध, सर्व सभासदांचे आभार. मी भाजीची पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले आणि मला तुमचा असा काही संताप आला, की वर आल्यावर तुमच्या फोटोकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात शिरले. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली! गेलेल्या माणसावर कोणी इतकं चिडतं का? मी चिडते.

तुम्ही शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचात, आणि रविवारी आचोळ्याच्या या दोन खोल्यांत मुलांची जादा शिकवणी घ्यायचात. अमेरिकेच्या राज्यघटनेचा धडा आला की उठून सगळ्या खिडक्या लावायचात. फिलाडेल्फियाला ती घटना लिहिणारे लोक भर उन्हाळ्यात असेच दारं-खिडक्या बंद करून बसले होते, कारण त्यांना मोकळेपणाने भांडायचं होतं. मग अर्धी मुलं मोठी राज्यं, अर्धी छोटी. मला तुम्ही कायम छोट्यांत बसवायचात. मोठे म्हणायचे, आमची माणसं जास्त, आमची मतं जास्त. मी किंचाळायचे, "मग आम्ही काय टाळ्या वाजवायला आलोय?" आई आतून ओरडते आहे, "अहो, पोरं उकडून मरतील, उघडा त्या खिडक्या!" आणि तुम्ही हसता आहात, खुशीत, सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसत. फिलाडेल्फियाच्या त्या खोलीत एकही बाई नव्हती, गुलामांना तर कोणी पूर्ण माणूसही धरलं नव्हतं, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि काही जणांनी शेवटपर्यंत सही केली नाही, हे सांगताना तर तुमचा आवाज चढायचा. नागरिकांचे हक्क यात लिहिलेले नाहीत, म्हणून ते अडून बसले. पुढे ते हक्क घटनेत आले ते अशा अडून बसणाऱ्यांमुळे. "सही न करणं हेसुद्धा नागरिकाचं काम असतं, लक्षात ठेवा." ठेवलं ना लक्षात! तिथेच तर चुकलं माझं.

कारण मग आपल्या मागच्या विहिरीचा प्रश्न आला. ही बिल्डिंग उठण्याआधी इथे वाडी होती, तिची ती विहीर. नळाला पाणी आलं नाही की अख्खी सोसायटी तिच्यावर जगायची. पहिल्या मजल्यावरच्या चेअरमनना ती बुजवून तिथे गाड्या लावायच्या होत्या. फ्लॅटवर तुमच्याबरोबर माझंही नाव होतं, म्हणून मी कमिटीसाठी अर्ज भरला. जागांपेक्षा एक नाव जास्त झालं, बस, एवढाच माझा गुन्हा. दुसऱ्याच संध्याकाळी चेअरमन पेढे घेऊन हजर. "सर, आपली सोसायटी पहिल्यापासून बिनविरोध. उगाच गालबोट कशाला? पोरीला जरा समजवा." आणि तुम्ही, फिलाडेल्फियावाले तुम्ही, म्हणालात, "हो हो, मी बघतो."

ते गेले आणि तुम्ही उठून खिडक्या लावल्यात. मला क्षणभर वाटलं, आता खरं भांडण होणार, पहिल्यासारखं. तर तुम्ही म्हणालात, "हळू बोल, शेजारी ऐकतील." मी म्हटलं, "ऐकू देत की! विहीर त्यांचीही आहे." "अगं, रोज जिन्यात एकमेकांची तोंडं बघायची आहेत आपल्याला." आई म्हणाली, "उभी राहिली तर काय आभाळ कोसळणार आहे?" तिच्याकडे तुम्ही पाहिलंसुद्धा नाहीत. अर्ज मागे घेण्याचा कागद तुमच्याच सुंदर अक्षरात तयार होता. पेन माझ्या हातात दिलंत. सही न करण्याचे धडे देणाऱ्या माणसाने! शरम कशी नाही वाटली हो तुम्हाला?

विहिरीत डबर पडायला लागलं तेव्हा तुम्ही गॅलरीत उभे होतात, आणि मी मुद्दाम तुमच्या शेजारी येऊन उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "सगळ्यांच्या संमतीनेच चाललंय." कसली संमती? विचारलं कोणाला होतं? मग टँकर सुरू झाले. आई दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढायची, दोन्ही हातांत बादल्या, मधल्या पायरीवर थांबायची. तुम्ही खालून म्हणायचात, "राहू दे, मी आणतो." मला ते ऐकवत नसे. शासनाच्या तीन अंगांची नावं मुलांकडून पाठ करून घेणं सोपं होतं, बाबा. पेढेवाल्याला एकदा नाही म्हणणं तेवढं जमलं नाही. आणि सगळ्यात वाईट काय, तर तुम्ही शिकवलेलं एक अक्षरही खोटं नव्हतं. खोटं असतं तर मी कधीच विसरले असते.

हे तुमच्यापर्यंत कुठून पोचणार! तुमच्याच जुन्या वहीची कोरी पानं आहेत, लिहून झालं की परत कपाटात ठेवेन. येत्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. निवड कशी झाली, कोणाला विचारून झाली, हे उभं राहून विचारायचं असं मी ठरवलं आहे. ठरवलं आहे खरं. पण मघाशी हाच प्रश्न मोठ्याने म्हणून बघितला, तर त्याआधी उठून मी खिडक्या लावून घेतल्या होत्या.