उजवा पंख

बेलमाँट, पोर्ट ऑफ स्पेन
भस्म बुधवार

माझी कन्या ओडेट हिस,

मी चौथी इयत्ता शिकलेला मनुष्य आहे. तथापि घडले ते जसेच्या तसे लिहितो.

तू चित्रे काढतेस, चित्रफिती करतेस, शिवतेस, धातूही ओततेस. "एक काही धड कर की गं!" असे मी तुला शेजाऱ्यांदेखत म्हणालो होतो. "बाबा, तुम्ही जन्मभर एकच तार वाकवलीत, आणि कार्निव्हल संपला की तीही गटारात," असे तू म्हणालीस. त्यास नऊ वर्षे झाली. त्याच वर्षी माझा हात थरथरू लागला व कार्निव्हलच्या मिरवणुकीसाठी तारेचे पक्षी, सांगाडे करण्याचे काम मी सोडले.

शनिवारी मी न कळवता तुझ्या प्रदर्शनात गेलो. मध्यभागी तारेचा बगळा टांगला होता. त्याच्या उजव्या पंखाचा बाक चुकलेला होता. मला ते पाहवेना. खिशातील पक्कड काढून, दोन्ही हातांनी, मी तो सरळ केला.

पहारेकरीण धावत आली. "ओ आजोबा! हे काय तुमच्या घरचं कुंपण आहे?"

"बाई, कुंपणालाही मी असा बाक ठेवला नसता."

तेव्हा बाजूची पाटी दिसली. 'कारागीर : कथबर्ट लेझामा. त्यांच्या शेवटच्या कार्निव्हलचा पक्षी, गटारातून उचललेला. उजवा पंख त्यांच्या थरथरत्या हाताने वाकला, तसाच ठेवला आहे.'

पहारेकरणीने नाव विचारले. चाळीस कार्निव्हलांत माझे नाव प्रथमच पाटीवर लागले होते, आणि ते मी तिला सांगितले नाही.

हे पत्र तुझ्या दाराशी त्याच पक्कडीखाली ठेवीत आहे; पंख पुन्हा होता तसा वाकवणे आता तुझ्या हाती.

तुझा पिता,
कथबर्ट लेझामा